उणे १६२० वर राहणारं बटण

टेबलावर दोन मॉनिटर असले की माणूस कामाचा दिसतो. मात्र पडद्यावरचं ‘सेव्ह’ बटण शोधून ते दाबणारी पायथनची स्क्रिप्ट या थाटाला अजिबात बधत नाही.

एका मॉनिटरवर पायऑटोजीयूआय (माउस-कीबोर्ड आपोआप चालवणारी पायथनची लायब्ररी) गुणी लेकरू असतं. डावीकडे दुसरा जोडला की त्यावर ढळढळीत दिसणारं बटण त्याला सापडेनासं होतं. त्याचा दोष नाही. विंडोजवर त्याच्या पोटातला, स्क्रीनशॉट घेणारा इमेजग्रॅब सांगितल्याशिवाय फक्त मुख्य मॉनिटर टिपतो. इमेजग्रॅबच्या ‘ऑल_स्क्रीन्स’ला ट्रू देऊन सगळ्या पडद्यांचा स्क्रीनशॉट आपणच घ्यावा, त्यात बटण शोधावं. सापडतं! आणि क्लिक जाऊन पडतं भलत्याच खिडकीवर.

कारण साधं आहे, म्हणूनच जास्त राग येतो. चित्राचा शून्य अगदी डावीकडच्या टोकाला, माउसचा शून्य मुख्य मॉनिटरच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यात. ठाण्यापासून मोजलेलं अंतर दादरहून चालायला घ्यावं, तसं हे. डावा मॉनिटर १९२० पिक्सेल रुंद असेल तर चित्रातला ३०० म्हणजे माउसचा उणे १६२०. पण १९२० हा आकडा स्क्रिप्टमध्ये कोरू नका. विंडोजच्या गेटसिस्टिममेट्रिक्स या फंक्शनला ७६ (आडव्या मापासाठी) आणि ७७ (उभ्या मापासाठी) द्या. सगळ्या पडद्यांचा मिळून आरंभबिंदू मिळतो, तो बेरजेत घ्या. ७७ हमखास विसरला जातो. मग सेटिंगमध्ये कोणी दुसरा मॉनिटर बोटभर वर सरकवला की उभा हिशेबही कोसळतो.

एवढ्यावर सुटका नाही. एक मॉनिटर १०० टक्के, दुसरा १५० टक्के स्केलिंगवर असला, की इथलं ४० पिक्सेलचं बटण तिथे ६० चं होतं. शोध आकार बदलून पाहत नाही, आणि कॉन्फिडन्स (जुळणी किती नेमकी हवी तो आकडा) ०.९ वरून ०.६ वर आणलात तर तो उदार मनाने ‘डिलीट’लाही ‘सेव्ह’ समजेल. प्रत्येक स्केलिंगसाठी बटणाचं वेगळं चित्र कापा. शिवाय प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग स्क्रिप्टला कळावं म्हणून सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेस(२) ही ओळ पायऑटोजीयूआय इम्पोर्ट करण्याआधी हवी. इम्पोर्ट होताच ते डीपीआयची (स्केलिंग कसं हाताळायचं याची) सेटिंग स्वतःच ठरवून मोकळं होतं. नंतरची विनंती विंडोज नाकारतो, तीही अशी गुपचूप की स्क्रिप्ट हूं की चूं करत नाही.

पहिल्या चाचणीत क्लिक नकोच, माउस नुसता हलवून पाहा. माउस कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबते, या भरवशावरही राहू नका. तो कोपरा शून्य-शून्य. डावीकडे मॉनिटर असला की घाबरून ढकललेला माउस तिथे न थांबता सरळ शेजारी जातो, आणि स्क्रिप्ट क्लिक करत सुटते. फेलसेफ_पॉइंट्स या, स्क्रिप्ट थांबवणाऱ्या जागांच्या यादीत डाव्या मॉनिटरचा कोपराही आधीच घालून ठेवा.