गुहेला कळलं पाहिजे, कोण आलंय!

अभयारण्यातल्या चुनखडीच्या गुहा बघायला मुक्कामाला जायचं ठरलं की एक गोष्ट मनाशी पक्की करा : परवानगी भित्र्यांनी काढायची असते. माणसं किती, रात्री किती, तंबू कुठे लावणार, असल्या चौकश्यांना उत्तरं देत बसलात तर तुम्ही नेमके कुठे आहात हे वनखात्याला कळेल. मग साहस ते कसलं? घरीसुद्धा "येतो जरा जाऊन" एवढंच सांगा. गुहेत उतरण्याआधी बाहेरच्या कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवावी आणि ती टळली की त्याने मदत बोलवावी, असा जुन्या गुहाभटक्यांचा शिरस्ता आहे. त्या बिचाऱ्यांना दुसरे उद्योग नसतात. तुम्हाला शोधायची वेळ आलीच, तर शोधणाऱ्यांनी आख्खं जंगल पालथं घालावं. तेवढाच त्यांना व्यायाम.

सामान भरताना स्पीकर आधी. मग ड्रोन, घडीच्या खुर्च्या, झगमगत्या दिव्यांच्या माळा. डोक्यावरच्या दिव्याचं ओझं कशाला? प्रत्येकाजवळ तीन वेगवेगळे दिवे हवेत आणि मुख्य दिवा हेल्मेटवर हवा, म्हणजे हात मोकळे राहतात, असा जाणकारांचा हट्ट असतो. हात मोकळे ठेवून करायचंय काय? मोबाइल आहे ना! तोच टॉर्च, तोच कॅमेरा, तोच नकाशा. बॅटरी संपली की तिन्ही एकदम संपतात, हिशेब सोपा. आणि हेल्मेटने केस बसतात, ते वेगळंच. गरम कपडेही नकोत. खोल गुहेतलं तापमान बारा महिने बाहेरच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं, हवेत ओल ठासून भरलेली असते आणि भिजल्या अंगाने तासभर बसलं की दात वाजायला लागतात. वाजू द्या. व्हिडिओत आपण शहारलो असं वाटेल.

तंबूची जागा मात्र विचारपूर्वक निवडा. चुनखडीच्या पठारावर जागोजागी गोल, खोलगट खड्डे असतात. तळाला मऊ माती, चारी बाजूंनी आडोसा. हा खड्डा म्हणजे त्या डोंगराची मोरी. आजूबाजूचं सगळं पाणी तिथे येऊन जमिनीत शिरतं. ते जाऊ द्या, फोटो काय सुंदर येतात! खड्डा नको असेल तर कोरडा ओढा बघा, नाहीतर सरळ गुहेच्या तोंडात पथारी पसरा. पावसाने तुमच्या डोक्यावरच पडलं पाहिजे असं नाही. वर कुठेतरी कोसळला तरी भेगांमधून त्याला तुमचा पत्ता सापडतो. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २०१८च्या जूनमध्ये १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत गेले आणि मागून पाणी भरलं. २३ जूनला आत गेलेल्यांपैकी शेवटचे बाहेर आले १० जुलैला, तेही जगभरचे पाणबुडे गोळा झाले तेव्हा. त्यात एका माजी नौदल पाणबुड्याचा जीव गेला. पण ती तर मुलं होती. तुम्ही मोठे आहात, तुमच्याजवळ हवामानाचं ॲप आहे आणि तिथे रेंज नाही.

आता आत शिरू. छताला लटकलेले आणि जमिनीतून वर आलेले ते दगडी खांब दिसले? लवणस्तंभ म्हणतात त्यांना. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जरासं आम्ल होतं, चुनखडी विरघळवत खाली झिरपतं आणि छताशी येऊन थेंब थेंब गळतं. तिथे तो वायू उडून जातो आणि थेंबामागे चुनखडीचा अगदी पातळ थर उरतो. अशा थरांवर थर चढत जाऊन हा स्तंभ वाढतो. वेग जागोजागी वेगळा, पण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरलात तर फार चुकणार नाही. म्हणजे बोटभर लांबीला पाच-सातशे वर्षं. एवढा सुस्त कारभार बघून तुमच्यासारख्या कर्तबगार माणसाचे हात शिवशिवणारच. लावा हात. नुसता फिरवला तरी काम होतं : त्वचेवरचा तेलकटपणा दगडाला लागतो, मग पाणी तिथे नीट धरत नाही, नवा थर बसायला अडचण येते आणि डाग काळवंडत जातो. जे काम पाण्याने हजारो वर्षं चालू ठेवलं, ते एका ओल्या हाताने थांबवता येतं. असा अधिकार ऑफिसात मिळतो का कधी?

काही ठिकाणी छताला पेनाच्या रिफिलएवढ्या जाड, पोकळ, पांढऱ्या नळ्या असतात. त्यांना सोडा स्ट्रॉ म्हणतात. टिचकी मारली की टण्णकन तुटतात. एक घरी आणा. शोकेसमध्ये ठेवलीत की आठवड्याभरात तिच्यावर धूळ बसेल आणि महिन्याभराने झाडताना कुणीतरी ती केरात टाकेल. तोवर पाहुण्यांना दाखवता येईल.

भिंतीवर नाव कोरायला विसरू नका. बाण आणि बदामही काढा. कोणी डोळे वटारलेच, तर म्हणा की आदिमानवानेही हेच केलं होतं. फ्रान्समधल्या लास्को गुहेची चित्रं सुमारे सतरा हजार वर्षं अंधारात धडधाकट होती. १९४०मध्ये गुहा सापडली, १९४८मध्ये लोकांसाठी उघडली आणि पुढच्या काही वर्षांत दिवसाला हजारावर माणसं आत जाऊन श्वास सोडू लागली. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, वाफ, दिवे! भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं आणि १९६३मध्ये गुहा बंद करावी लागली. १९८३पासून लोक शेजारी बांधलेली नक्कल बघतात. लक्षात घ्या, त्यांनी नुसता श्वास घेतला होता. तुमच्याजवळ तर खिळा आहे.

वटवाघळांशी मैत्री हा मुक्कामाचा परमोच्च बिंदू. ती झोपलेली असतात म्हणजे तुमची वाटच बघत असतात. फ्लॅश मारा, गाणी लावा. थंड प्रदेशात ही मंडळी हिवाळाभर अंगातल्या चरबीवर गुजराण करतात. दर वेळी दचकून जागं होताना तिचा साठा जळतो आणि बाहेर खायला किडे नसतात. म्हणजे तुम्ही त्यांचं वजन कमी करताय, तेही फुकट. बूट आणि कपडे न धुता एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाण्यातही मजा आहे. अमेरिकेत २००६मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली. त्यानंतर त्या रोगाने लाखो वटवाघळं मेली. ही बुरशी युरोपात आधीपासून होती. समुद्र ओलांडून ती बहुधा माणसाच्याच बुटा-कपड्यांवर बसून आली असावी, असं मानतात. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही! वटवाघळांच्या विष्ठेची धूळ छातीत गेली की फुप्फुसांना बुरशीचा आजार जडू शकतो, तेव्हा तिच्यात मनसोक्त नाचा. परतफेड नको का?

आतल्या आंधळ्या, फिकट जिवांसाठी उरलंसुरलं खाणं टाकून या. त्यांची उपासमार बघवत नाही. ओल्म नावाचा एक सॅलमँडर, म्हणजे पाण्यात राहणारा पालीसारखा जीव असतो, तो वर्षानुवर्षं न खाता जगू शकतो. बोस्नियातल्या एका पाण्याखालच्या गुहेत संशोधकांना एक ओल्म २५६९ दिवसांनीही त्याच जागी सापडला. सात वर्षं! एवढ्या शांत जिवाला तुमच्या शिळ्या अन्नाची, त्यावर येणाऱ्या मुंग्यांची आणि उंदरांची सोबत मिळाली, तर तो नक्की हलेल.

शेवटी तब्येतीचं. प्रातर्विधी कुठे उरकायचा, हा प्रश्न चुनखडीच्या प्रदेशात पडतच नाही. त्या खोलगट खड्ड्यात उरकायचा, तिथेच भांडी घासायची, तिथेच शाम्पूने आंघोळ करायची, कचराही तिथेच लोटायचा. सगळं गायब होतं. इतर जमिनीत पाणी माती आणि वाळूच्या थरांतून हळूहळू गाळलं जातं. इथे ते भेगांमधून आणि बोगद्यांतून थेट धावत सुटतं. १९०१च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या पाँतार्लिए गावात एका मद्याच्या कारखान्याला आग लागली आणि ॲब्सिंथ नावाच्या दारूचे साठे दूब नदीत सोडून द्यावे लागले. दोनेक दिवसांत डोंगरापलीकडच्या लू नदीच्या उगमाला ॲब्सिंथचा वास येऊ लागला. दूबचं पाणी जमिनीखालून लूला जाऊन मिळतं, याचा पत्ता असा दारूने लावला. विज्ञानाला हातभार लावायची अशीच संधी तुम्हालाही आहे. शाम्पू जरा उग्र वासाचा निवडा.

आणि सामान आवरून खाली उतरलात, की पायथ्याशी झुळझुळणारा झरा लागेल. तिथे थांबाच. शहरात असं पाणी कुठे मिळतंय? ओंजळीतल्या निर्मळ पाण्याचा व्हिडिओ आधी काढून घ्या, मग पोटभर प्या, बाटल्याही भरून घ्या. फेस दिसला तर खनिजं असतील. संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या, की दुपारी जेवलात त्या हॉटेलला एक स्टार द्या.