खुलासा : फक्त मोठी जाळी बसवून हवा वाढत नाही

‘खोलीत एसीची हवा कमी येत असेल, तर डक्टच्या तोंडाची जाळी मोठी बसवा, बाकी काही बदलू नका’ असा संदेश सध्या फिरत आहे (डक्ट म्हणजे एसीची हवा खोलीपर्यंत नेणारी नळी). तो अर्धवट आहे आणि लोकांना नाहक खर्चात पाडणारा आहे.

जुन्या घरांत अडचण जाळीत नसून तिच्यामागच्या जोडात असू शकते. ८ इंच व्यासाच्या डक्टला ६ इंच व्यासाची कॉलर (डक्ट आणि जाळी यांना जोडणारा गोल तुकडा) जोडली असेल, तर हवेची वाट ५० चौरस इंचांवरून २८ वर येते. तेवढीच हवा ढकलायची तर तिचा वेग पावणेदोन पट आणि त्या जोडातला दाबक्षय (तिथून जाताना हवेच्या दाबात होणारी घट) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे तिप्पट होतो. पुढे कितीही मोठी जाळी लावली तरी ही अडवणूक तशीच राहते.

जाळी काढून विजेरीच्या प्रकाशात आत पाहिले आणि कॉलरचा व्यास टेपने मोजला, तर हे कोणालाही पडताळता येते. जोड बदलताना सांधे मॅस्टिकने (सांधे बुजवण्याच्या चिकट लेपाने) बंद करावेत (साधी कापडी चिकटपट्टी कालांतराने सुटते), आणि परतीच्या हवेचा (खोलीतून एसीकडे परत जाणाऱ्या हवेचा) मार्गही तपासावा, कारण तोच अरुंद असेल तर नव्या जोडाचाही फारसा उपयोग होत नाही.

कृपया तो संदेश पुढे पाठवणे थांबवावे, आणि आधीच पाठवला असल्यास त्याखाली हा खुलासा जोडावा.