विक्रांतची टाकी

सकाळपासून डोकं फिरलंय. खाली सोसायटीतल्या एकाने त्याची जुनी बजाज व्ही भंगारवाल्याला दिली. आठवतेय ना ती गाडी? २०१६ साली आलेली, जुन्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेचं लोखंड वितळवून पेट्रोलच्या टाकीत घातलेली. मी म्हटलं, "अहो, निदान टाकी तरी काढून ठेवा." तर हसून म्हणतो, "काय पूजा करू तिची?"

हो, कर की!

माझे बाबा गोदीत फिटर. विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, मग तिचं म्युझियम झालं. नेव्ही वीकमध्ये बाबांनी आम्हाला नेलं होतं. आम्ही पोरं विमानांकडे धावलो. बाबा मात्र एका जाड पत्र्यापाशी थांबले आणि मडकं घेताना वाजवून बघतात ना, तसं बोटांनी ठोकलं. म्हणाले, "अजून खणखणीत आहे." पुढे सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, एकाहत्तरला बॉयलर तडकलेला असताना ही बंगालच्या उपसागरात कशी गेली आणि हिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार कसं झोडपलं, ते सांगत बसले. आम्हाला लाज वाटत होती. गाढव होतो.

२०१४ मध्ये तिला साठ कोटींना विकलं. मुंबईच्या दारूखान्यात, जिथे जुन्या बोटी तोडतात, तिथे नेली तेव्हा बाबांनी बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

मान्य, बोट जुनी झाली होती, खर्च परवडत नव्हता, कोर्टानेही परवानगी दिली होती. असेल. पण पुतळे परवडतात ना आपल्याला?

मुंबईत गोदीच्या लायन गेटसमोर तिच्याच धातूचं स्मारक आहे, असं उत्तर मिळेल. आहे, चांगलं आहे. बसमधून जाताना मी अजून मान वळवून बघतो. पण त्यावर चढून कुणाचा बाप पत्रा ठोकून दाखवणार आहे?

जाऊ दे. त्या शेजाऱ्याचा तरी काय दोष, त्याच्यासाठी ती बंद पडलेली बाइक. उगाच आवाज चढवला मी.

दुपारी भंगारवाल्याकडे जाऊन आलो. तीनशे म्हणाला, घासाघीस केली नाही. टाकी आता गॅलरीत आहे, अख्ख्या घरात पेट्रोलचा वास सुटलाय. एकदा ठोकून पाहिली. पोकळ वाजते, टाकीच ती. बाबांना फोनवर सांगितलं तर पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "गंजू देऊ नकोस. आतून तेल फिरव."

बायको विचारतेय, चपलांचा रॅक आता कुठे ठेवायचा.