पांढरं शिंगरू? नेहमी नाही

लेखात म्हटलंय, पांढऱ्या घोडीला शिंगरूही पांढरंच होतं. तसं नसतं हो. अरबी घोड्यांत दिसणारे बहुतेक पांढरे जन्मतात काळे नाहीतर तांबडे. मग वर्षागणिक केस पिकत जातात. एसटीएक्स१७ या जनुकाचा एक तुकडा दोनदा आल्यामुळे हे होतं, २००८ मध्ये ते उघड झालं. कातडी मात्र काळीच राहते, नाकपुडीपाशी बघा. म्हातारपणी शेपटीखाली मेलॅनोमाच्या (कातडीच्या कर्करोगाच्या) गाठी येतात त्याही यामुळेच. वरातीतल्या नुकऱ्या घोड्याचं प्रकरण वेगळं, त्याची कातडीच गुलाबी आणि तो जन्मतःच पांढरा. उलट आयाळ-शेपटीसकट तांबूस असलेल्या जोडीचं शिंगरू जवळजवळ नेहमी तांबूसच, कारण तो रंग अप्रभावी आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. लेखात हे हवं होतं.