खुलासा, पुन्हा एकदा

सार्वजनिक वनस्पती उद्यानाचा जनसंपर्क अधिकारी म्हणजे फिती, शाली आणि श्रीफळे यांचा हिशेब ठेवणारा माणूस, अशी आमच्या साहेबांपासून पत्रकारांपर्यंत सर्वांची ठाम समजूत आहे आणि त्या समजुतीपुढे मी आता हात टेकले आहेत.

आमच्या उद्यानात गेल्या वर्षी श्रीताड फुलला. हा ताड 30 ते 80 वर्षे नुसता वाढत राहतो, आयुष्यात एकदाच शेंड्यावर सहा-आठ मीटरांचा, लाखो फुलांचा तुरा काढतो, पुढे वर्षभर फळे पिकवतो आणि साठवलेले सारे त्यातच खर्ची पडल्यामुळे वाळून जातो. याच्याच पानांवर दक्षिणेत शतकानुशतके पोथ्या लिहिल्या गेल्या. तुरा दिसताच हे सारे मी सोप्या मराठीत लिहून छायाचित्रांसह प्रत्येक वृत्तपत्राला पाठवले. फळे पिकल्यावर झाड मरणार आहे, हेही त्यात स्वच्छ लिहिले होते. पाठपुराव्यासाठी फोन केला तेव्हा एका उपसंपादकाने विचारले, "पाहुणे कोण आहेत?" पाहुणे कोणीच नव्हते, त्यामुळे बातमीही नव्हती.

साहेबांनी त्याच आठवड्यात मला वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला जुंपले. प्रसिद्धिपत्रकात मान्यवरांची नावे मानाच्या क्रमाने लावण्यात, म्हणजे सभापती आधी की उपाध्यक्ष आधी या वादात, अख्खी दुपार गेली आणि शेवटी मजकूर पानात बसेना म्हणून काय वगळले, तर झाडाचे नाव! "वृक्ष लावण्यात आला, एवढे पुरे," असा लाल शाईतला शेरा मी जपून ठेवला आहे. रोप वीतभर, त्याच्यापुढची ग्रॅनाइटची पाटी कमरेइतकी, तिच्यावर सोनेरी अक्षरांत सगळी नावे. शेजारच्या जुन्या उर्वशीच्या बुंध्यावर मात्र गंजका पत्रा आहे आणि त्यावरचे शास्त्रीय नाव वाचायचे तर नाक टेकावे लागते. झाडाचे नाव, मूळ प्रदेश आणि लागवडीची नोंद नसेल तर वनस्पती उद्यान आणि कोपऱ्यावरची बाग यांत फरक तो कोणता, अशी टिपणी मी सादर केली. ती "पाहिले, दप्तरी दाखल" होऊन परत आली.

श्रीताड वाळला तेव्हा मात्र सगळे धावत आले. "उद्यान विभागाच्या निष्काळजीपणामुळे दुर्मीळ वृक्षाचा बळी" असा मथळा ज्या वृत्तपत्राने दिला, त्याच वृत्तपत्राला मी वर्षभरापूर्वी झाडाच्या मरणाची आगाऊ वर्दी दिली होती. पाणी कोणी तोडले, खत कोणी खाल्ले, अशी विचारणा सुरू झाली. साहेबांनी दोन तासांत खुलासा मागितला, तेव्हा जुने प्रसिद्धिपत्रकच पोहोचपावत्यांसह जोडून दिले, तर त्यांनी मलाच विचारले, "ही माहिती आधी का दिली नाही?" त्या पत्रकावर त्यांचीच सही आहे.

आता रिकाम्या झालेल्या जागी नवे झाड लावायचे ठरले आहे. रोपवाटिकेत त्याच श्रीताडाच्या बियांपासून रोपे तयार आहेत, त्यांपैकीच एक लावावे, असा प्रस्ताव मी दिला होता. तो काल परत आला. शेरा असा: "लवकर फुलणारे झाड सुचवावे. मान्यवरांची यादी सोबत जोडावी."