घडीची सायकल आणि विस्कटलेली घडी

सहा फूट तीन इंच उंचीच्या माणसाला लोक उगाचच भाग्यवान समजतात. पंख्याची पाती पुसायला त्याला स्टूल लागत नाही, एवढेच काय ते त्याचे भाग्य. बाकी सारे जग त्याच्यापेक्षा वीतभर ठेंगण्या माणसासाठी बनवलेले असते, आणि चादर पायावर ओढली की खांदे उघडे पडतात हे दुःख तो कोणापुढे मांडूही शकत नाही. हे सगळे ठाऊक असताना मी वीस इंची चाकांची, मधोमध बिजागरी असलेली, पन्नासएक वर्षांची घडीची सायकल घरी आणली, यात दोष सर्वस्वी माझा आहे. तिच्या मडगार्डावर एक बारीक सोनेरी रेघ होती. त्या रेघेला मी भुललो.

पहिल्याच फेरीत लक्षात आले की या सायकलवर बसत नाहीत, तीत मावावे लागते. पेडल अगदी खाली गेले तरी माझा गुडघा जवळजवळ काटकोनात राही आणि वर आले की तो थेट हँडलाला भिडे, त्यामुळे डावीकडे वळायचे झाल्यास हँडलाचे टोक आधी डाव्या गुडघ्याची परवानगी घेई आणि ती मिळेपर्यंत वळण मागे पडलेले असे.

खरे तर या सायकलींमागचा विचार उदार होता. 1962 साली अ‍ॅलेक्स मोल्टन या इंग्लिश अभियंत्याने रबरी सस्पेन्शनची, छोट्या चाकांची सायकल बाजारात आणली. (मिनी मोटारीचे रबरी सस्पेन्शनही याच गृहस्थांचे.) त्या सायकलीची घडी होत नसे, पण छोट्या चाकांची लाट तिने आणली आणि बिजागरीवाल्या सायकलींनाही चांगले दिवस आले. चौकट एकाच मापाची ठेवायची आणि सीट व हँडल वरखाली करून आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी तीच चालवायची, अशी ती कल्पना. फक्त ‘वर’ या शब्दाला कारखान्याने एक मर्यादा घातली होती आणि सीटच्या दांडीवर ती खूण म्हणून कोरून ठेवली होती. माझी खरी गरज त्या खुणेच्या पलीकडे सुरू होत होती.

नेमकी किती पलीकडे, हे काढण्याची एक पद्धत आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून सीटसारखे वर दाबायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. मी घरातला शब्दकोश वापरला, आणि तो पुन्हा कपाटात ठेवताना मला ओशाळल्यासारखे झाले. माप 92 सेंटिमीटर भरले. त्याला 0.883 ने गुणले की पेडलांच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, म्हणजे माझ्यासाठी 81 सेंटिमीटर. सायकल खुणेपर्यंत ताणूनही 69 च्या पुढे जाईना. फरक जेमतेम अर्ध्या वितीचा होता, पण त्या अर्ध्या वितीने माझे तीन महिने घेतले.

लांब दांड्या मिळतात. पण सहज मिळणारी दांडी 27.2 मिलिमीटर जाडीची असते आणि माझ्या सायकलीच्या नळीला 28.6 लागत होती. राहिलेल्या 1.4 मिलिमीटरच्या फटीत मी पत्र्याचा डबा कापून त्याची गुंडाळी बसवली. अशा गुंडाळ्यांवर माणसाने विश्वास ठेवू नये. निघताना मी ताठ, रुबाबदार स्वार असे. पहिल्या किलोमीटरला सीटखालून ‘कुईं’ असा क्षीण आवाज येई. आणि परत येईपर्यंत दांडी इतकी खाली सरकलेली असे की गुडघे पुन्हा हँडलाशी बोलू लागत. शेवटी मी बरोबर 28.6 मिलिमीटर बाहेरमापाची जाड पोलादी नळी मिळवली आणि ती 55 सेंटिमीटरवर कापून घेतली. लांब दांडी नळीत जेमतेम अडकवली, तर स्वाराच्या वजनाने ती पहारीसारखी काम करते आणि चौकटीची नळीच फाडू शकते, म्हणून निदान दहा सेंटिमीटर आत राहतील अशी माझी स्वतःची खूण मी तिच्यावर करवतीने हलकेच ओढली. त्या खुणेला मी कारखान्याच्या खुणेपेक्षा अधिक मान दिला.

आता पाय सुखी झाले आणि पाठीने तक्रार मांडली. सीट वर गेली, हँडल होते तिथेच राहिले. शिवाय सीटची नळी मागे कललेली असल्यामुळे दर सेंटिमीटर वर जाताना सीट थोडी मागेही जाते. माझे सारे वजन मागच्या चाकावर गेले आणि चढावर पुढचे चाक जमीन सोडू लागले. उपाय म्हणून हँडलाची दांडीही लांब करणे आले. जुनी दांडी आतल्या पाचरीला गंजाने अशी चिकटली होती की पाना वळेना, तेव्हा सीटची मूळ आखूड दांडी पान्याच्या मुठीवर चढवून मी सगळा भार टाकला. कुरकुर झाली, पाचर सुटली आणि मी गंजाच्या भुकटीसह जमिनीवर बसलो.

नवे हँडल छातीच्या उंचीवर आले. मी कौतुकाने उजवीकडे वळलो आणि सायकल जागच्या जागी थांबली. पुन्हा वळलो, पुन्हा थांबली. हँडल उंचावल्याने ब्रेकची तार अपुरी पडत होती, आणि उजवीकडे वळताना ती ताणली जाऊन मागचा ब्रेक आपोआप लागत होता. डावीकडे मात्र सायकल हवी तितकी वळे. दोन दिवस मी फक्त डावीकडे वळून कामे उरकली, मग तार आणि तिचे आवरण दोन्ही बदलले.

सायकल आता मला चपखल बसते. राहिला प्रश्न घडीचा. बिजागरी उघडून ती मिटता येते, पण सीटची दांडी आणि हँडल इतके वर उरतात की घडी केलेली सायकल उघड्या सायकलीपेक्षा अडचणीची होते. दोन्ही दांड्या काढाव्यात, तर एका काखेत सायकल आणि दुसऱ्या काखेत नळ्या घेऊन जिना चढणारा माणूस नळ दुरुस्त करायला आला आहे असे शेजाऱ्यांना वाटते.

परवा भाची आली आणि म्हणाली, “मामा, एक चक्कर मारू दे ना.” मी मोठ्या उत्साहाने सीट खाली करायला गेलो, तर लांब दांडी आत पेडलांच्या आसाच्या नळीवर टेकली आणि तिथेच थांबली, सीट भाचीच्या बरगड्यांपाशी. मूळ आखूड दांडी शोधून काढली, तर पान्यावर भार देताना ती धनुष्यासारखी वाकलेली निघाली. आजीपासून नातवापर्यंत सर्वांची सायकल आता जगात एकाच माणसाची उरली होती.

भाची हल्ली कॅरिअरवर बसते. मामाच्या पाठीखेरीज काही दिसत नाही अशी तिची तक्रार आहे. चढ आला की मात्र ती न सांगता खाली उतरते, पुढच्या चाकाकडे एकदा बघते आणि चालू लागते.