‘फोर्थ दहापट हळू’ या प्रतिक्रियेला उत्तर

भट्टीच्या तापमान पॅनेलवर फोर्थ ही प्रोग्रामिंग भाषा वापरण्याबद्दलच्या मागच्या लेखाखाली बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वाचकांची सडेतोड प्रतिक्रिया आलीय. त्यांनी ब्लू पिल या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर मेक्रिस्प ही फोर्थ सिस्टिम टाकून एक लूप चालवली, तीच लूप अर्दुइनोतून सी भाषेत चालवली, आणि फोर्थ जवळजवळ दहापट मागे पडली. त्यांचं म्हणणं असं की स्टॅकवरची, म्हणजे आकडे एकावर एक रचून हिशेब करणारी भाषा ही शेवटी इंटरप्रिटर (चालताना एकेक शब्दाचा अर्थ लावत जाणारी), ती हळूच असणार. वर प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी ती नव्याने लिहावी लागते, मग इथल्या कारखान्यात हे लचांड कशाला? प्रतिक्रियेत नुसता राग नाही, आकडाही दिलाय हे बरं झालं. बरंचसं उत्तर त्या आकड्यातच आहे.

सर, आधी क्लॉक (चिपच्या ठोक्यांचा वेग) बघा. ब्लू पिलवरची चिप रीसेट झाली की आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर सुरू होते. मेक्रिस्प तिला तिथेच ठेवते. अर्दुइनोचा कोअर (त्याचा पायाभूत कोड) मात्र तुमचं स्केच, म्हणजे प्रोग्राम, सुरू व्हायच्या आधीच चिपला ७२ वर नेऊन ठेवतो. ७२ भागिले ८ म्हणजे ९. तुमच्या दहापटीतला मोठा वाटा इथेच गेला, आणि त्यात भाषेचा काही संबंध नाही.

क्लॉक चढवायचं तर क्रम पाळावा लागतो. आधी बाहेरचा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सुरू करून तो तयार झाल्याचा बिट येईपर्यंत थांबायचं. मग फ्लॅशला (प्रोग्राम साठवणारी मेमरी) २ वेट स्टेट, म्हणजे वाचताना थांबण्याचे ठोके, आणि प्रीफेच, म्हणजे पुढचा कोड आधीच आणून ठेवणं. मग एपीबी-१ बसला (चिपमधल्या जोड-उपकरणांची वाट) भागिले २, कारण तिची मर्यादा ३६ मेगाहर्ट्झ आहे. मग पीएलएल (क्लॉक वाढवणारं सर्किट) गुणिले ९ करून तो लॉक होऊ द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी सिस्टिम क्लॉक त्यावर वळवायचा. वेट स्टेट विसरलात तर बोर्ड कधी चालेल, कधी मधेच लटकेल, आणि सगळे सप्लायवर संशय घेत बसतील. टर्मिनलशी बोलणाऱ्या युसार्ट-१ या सिरियल पोर्टचा भाजक १,१५,२०० बॉडच्या वेगासाठी ८ मेगाहर्ट्झला ६९ असतो, ७२ला तो ६२५ करावा लागतो. हे सगळं एकाच वर्डमध्ये (फोर्थमधलं फंक्शन) घाला. क्लॉक बदलून भाजक पुढच्या ओळीत टाइप करू म्हणाल, तर ती ओळ बोर्डला कळणारच नाही. टर्मिनलवर कचरा येईल आणि बोर्ड गेला असं वाटेल.

यानंतरही सी पुढे राहील, पण नऊपटीने नाही. उरलेला फरक कुठून येतो ते बघण्यासाठी कॉर्टेक्स-एम० या साध्या एआरएम प्रोसेसरचं उदाहरण घेतो, कारण तिथे वेट स्टेट नसतील तर सायकल (क्लॉकचे ठोके) बोटांवर मोजता येतात. स्टॅकचा वरचा आकडा आर६ या रजिस्टरमध्ये आणि स्टॅक पॉइंटर (स्टॅक कुठपर्यंत आलाय तो पत्ता) आर७मध्ये धरला, तर बेरीज म्हणजे दोन सूचना: एलडीएमने खालचा आकडा काढायचा (२ सायकल) आणि अ‍ॅड्स (१ सायकल). काम ३ सायकलचं. पारंपरिक इनडायरेक्ट थ्रेडिंगमध्ये (वर्ड म्हणजे पत्त्यांची यादी, एकेक पत्ता वाचून उडी मारत जायचं) पुढच्या वर्डवर जायला एलडीएम २, एलडीआर २ (दोन्ही मेमरी वाचणाऱ्या), बीएक्स ३ (उडी), म्हणजे ७ सायकल लागतात. तीनच्या कामाला सातचं हेलपाटं! ‘फोर्थ हळू’ हा बोभाटा इथूनच आलाय, आणि या पद्धतीपुरता तो खरा आहे.

बरेचजण म्हणतात, सबरूटीन थ्रेडिंग करा, म्हणजे पत्त्यांच्या यादीऐवजी थेट कॉल लिहा, वेग वाढेल. एम०वर कॉलची बीएल सूचना ४ सायकल, परतीचा बीएक्स ३, म्हणजे पुन्हा ७च. नुसती पद्धत बदलून हाती काही लागत नाही. फायदा पुढच्या पायरीवर आहे: बीएल ही सूचना ४ बाइटची, आणि बेरजेच्या दोन सूचना मिळूनही ४ बाइटच. म्हणजे कॉल काढून तिथेच बेरीज चिकटवली तर एक बाइटही जास्त लागत नाही आणि सातही सायकल वाचतात. मेक्रिस्प नेमकं हेच करते. शिवाय ‘५ +’ असं लिहिलंत तर ५ स्टॅकवर न टाकता आर६मध्ये थेट मिळवते, एका सायकलीत. त्यामुळे मेक्रिस्पला इंटरप्रिटर म्हणणं जमत नाही. टर्मिनलवर टाइप करता येतं एवढ्यावरून तसं वाटतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा, प्रोसेसरचा. ‘या चिपवर फोर्थ चालते’ या वाक्यात बरंच काही लपलेलं असतं. अर्दुइनो ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपचंच घ्या. अ‍ॅमफोर्थ ही फोर्थ तिथे इनडायरेक्ट थ्रेडेड आहे आणि वर्डच्या याद्या फ्लॅशमध्ये असतात. एक पत्ता वाचायला दोन एलपीएम (फ्लॅश वाचणारी सूचना), कोड फील्डला (वर्डचा मशीन कोड कुठे आहे तो पत्ता) आणखी दोन, प्रत्येकी ३ सायकल; १२ सायकल नुसत्या वाचण्यात जातात. त्याच चिपवर फ्लॅशफोर्थ ही दुसरी फोर्थ सबरूटीन थ्रेडेड आहे. चिप तीच, भाषा तीच, वेगाचं गणित वेगळं. दोन्हीकडे एक अडचण मात्र सारखी: फ्लॅशमध्ये लिहिणारी एसपीएम सूचना फक्त बूट विभागातूनच चालते, म्हणून अर्दुइनोचा बूटलोडर काढून आयएसपी प्रोग्रामर या वेगळ्या उपकरणानेच फोर्थ टाकावी लागते. फ्लॅशला १०,००० वेळा लिहिण्याची हमी असते, तेव्हा प्रयोग करताना प्रत्येक छोटा वर्ड पुन्हापुन्हा कंपाइल करताना जरा सबुरीने.

पीसीवर जीफोर्थ या फोर्थचं इंजिन सीमध्ये आहे, लेबलचा (कोडमधल्या जागेच्या नावाचा) पत्ता घेण्याच्या जीसीसी या सी कंपायलरच्या सोयीवर उभं. जिथे जीसीसी तिथे बहुधा जीफोर्थ, नव्याने लिहिण्याचा प्रश्नच नाही. पण तिचा वेग येतो मशीन कोडचे तुकडे उचलून एकापुढे एक चिकटवण्यातून, आणि ते उचलण्याजोगे निघाले नाहीत तर ती निमूटपणे साध्या थ्रेडिंगवर येते. चालते, फक्त हळू. ओळखायचं कसं? तीच चाचणी एकदा नेहमीसारखी आणि एकदा नो-डायनॅमिक ऑप्शन देऊन चालवा. वेळ सारखीच आली तर त्या पोर्टवर हा फायदा मिळतच नाहीये.

व्हीएफएक्स किंवा स्विफ्टफोर्थसारख्या थेट मशीन कोड बनवणाऱ्या सिस्टिम मोजक्याच प्रोसेसरवर मिळतात. तिथे तुमची तक्रार रास्त आहे. अशी सिस्टिम स्वतः पोर्ट करणाऱ्यांसाठी दोन खाचखळगे सांगतो. एक्स८६वर (पीसीचे प्रोसेसर) कोडला चिकटूनच व्हेरिएबल ठेवलं आणि लूपमध्ये त्यात लिहीत राहिलं, तर प्रोसेसरला वाटतं कोडच बदलतोय, आणि तो दर वेळी पाइपलाइन (आधीच हाती घेतलेल्या सूचनांची रांग) रिकामी करतो. डेटा वेगळ्या विभागात न्या. रास्पबेरी पायवर नेमकं उलट: तिथे नवा कोड लिहिल्याचं इन्स्ट्रक्शन कॅशला (प्रोसेसरने जवळ ठेवलेली कोडची प्रत) आपोआप कळत नाही. ती साफ केली नाही तर वर्ड कधी बरोबर चालतो, कधी जुनाच कचरा चालवतो. आणि कॉर्टेक्स-एमवर उडी मारायच्या पत्त्याचा शेवटचा बिट १ नसेल तर थेट हार्डफॉल्ट (प्रोसेसरची गंभीर चूक).

खाली एकांनी कन्नडमधून आरआयएससी-फाइव्ह प्रोसेसरबद्दल विचारलंय. त्यासाठी मेक्रिस्प-क्विंटस आहे, जीडी३२व्हीएफ१०३ या चिपवर चालते. भागाकार मात्र तपासून घ्या, कुठल्याही नव्या चिपवर. उणे ७ भागिले २ हे हार्डवेअर उणे ३ देतं, फोर्थ-८३ हे जुनं स्टँडर्ड उणे ४ मागतं, आणि १९९४च्या स्टँडर्डने दोन्ही चालवून घेतलंय. ऑफसेट उणे जाणाऱ्या सेन्सरला यातून एका अंकाची चूक येते. एसएम/रेम (उणे ३ देणारा) किंवा एफएम/मॉड (उणे ४ देणारा) यांपैकी भागाकाराचा वर्ड स्पष्ट लिहिला की वाद मिटतो.

सी कुठे खरोखर जिंकते? लांब फिल्टर, एफएफटी (सिग्नलमधल्या वारंवारता काढणं), मॅट्रिक्स. चार-पाच आकडे एकदम हाताशी लागतात तिथे स्टॅकवरची उलथापालथ महाग पडते आणि सीचा कंपायलर ते सगळे रजिस्टरमध्ये धरून ठेवतो. तेवढा एक वर्ड असेम्बलीत लिहावा, किंवा तो भाग सरळ सीमध्येच करावा. पण लेखातलं पॅनेल हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं आहे: के टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर), मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण जावी म्हणून २० मिलिसेकंदांची सरासरी. ८ मेगाहर्ट्झलासुद्धा त्यात १,६०,००० सायकल मिळतात. तिथे फोर्थ घेण्याचं कारण वेग नाहीच. भट्टी चालू असताना सिरियल केबल लावून एखादा वर्ड तिथल्या तिथे बदलून बघता येतो, हे आहे.

पुन्हा मोजणार असाल तर लूप रॅममध्ये कंपाइल केलीय की फ्लॅशमध्ये, तेही लिहा. मेक्रिस्प सुरुवातीला रॅममध्ये कंपाइल करते, आणि तिथून फ्लॅशमधल्या वर्डपर्यंतचं अंतर बीएलच्या १६ मेगाबाइटच्या आवाक्याबाहेर असतं, म्हणून पत्ता आधी रजिस्टरमध्ये भरून कॉल करावा लागतो: ४ बाइटचं काम १० बाइटला. कंपाइलटूफ्लॅश (फ्लॅशमध्ये कंपाइल करायला लावणारा वर्ड) करून तीच लूप चालवा, मग डिसअसेम्बलरची (मशीन कोड वाचण्याजोगा दाखवणारी) फाइल लोड करून आतल्या लूपचा मशीन कोड इथे चिकटवा, सीचाही. पुढचं त्यावरच बोलू.